तो कुठे आहे?

मागच्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रातल्या कार्यकर्त्यांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. विषय होता ‘चारित्र्य, कायदा आणि आपण’. पहिल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर, सगळ्याजणी पेंगायला लागलेल्या असताना, चित्रकला शिकवणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीनं एका जुन्या चित्राची मोठी झेरॉक्स भिंतीवर लावली. कुणाचं, कुठलं, काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, “काय दिसतंय ते सांगा.”

चित्रात भलं मोठं देऊळ आहे. दोरासारखे पिळाचे, नक्षीनं भरलेले जाडजूड खांब. दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. मध्ये एक पुरुष आणि एक बाई. एवढं पाहून एक ग्रामीण कार्यकर्ती लगेच म्हणाली, “पंचायत बसलीय. बाईला मधी उभी केलीय.” दुसरी म्हणाली, “लफड्याचं प्रकरण दिसतंय.” हशा पिकला. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, त्या चष्मा पुसून पुढे गेल्या, चित्राच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाई आहे. पंच आहेत. बघे आहेत. मग तो कुठाय?”

त्या प्रश्नानं माझी बरीच झोप घालवली आहे. म्हणून हा लेख.

चित्र आहे १५७५ सालचं, इटलीतलं. प्रसंग बायबलमधला, योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातला. सकाळच्या वेळी येशू मंदिरात लोकांना शिकवत बसलेला असताना शास्त्री आणि परूशी एका बाईला घेऊन येतात. तिला व्यभिचार करताना प्रत्यक्ष पकडलं आहे, अशा स्त्रीला दगडांनी ठेचून मारावं असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं, तर तुझं काय म्हणणं आहे, असं ते येशूला विचारतात. हेतू त्याला पेचात पकडण्याचा. येशू वाकून बोटानं जमिनीवर काहीतरी लिहीत राहतो. फारच लावून धरल्यावर तो म्हणतो की ज्यानं कधी पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा. मग मोठ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण काढता पाय घेतो. शेवटी ती आणि तो उरतात. मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, पुन्हा पाप करू नको, असं सांगून तो तिला पाठवतो.

शिबिरातल्या बहुतेकींना गोष्ट आवडली. त्यात न आवडण्यासारखं काय आहे? दगड खाली पडले, बाई वाचली. अंगुलिनिर्देश करणाऱ्या समाजाला आरसा दाखवणारा पुरुष दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला, हे काही थोडं नव्हे. पण मावशींचा प्रश्न तसाच राहिला. प्रत्यक्ष पकडलं म्हणता, तर दुसरं माणूस तिथे असणारच. तो पळाला? की पकडणाऱ्यांनीच त्याला वाट करून दिली? बरं, ज्या नियमशास्त्राचा दाखला ते देत होते ते काय म्हणतं? लेवीय पुस्तकाच्या विसाव्या आणि अनुवाद पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात शिक्षा दोघांनाही सांगितली आहे. म्हणजे आणणाऱ्यांनी स्वतःच्या धर्मग्रंथातला अर्धाच नियम आणला होता. उरलेला अर्धा घरी ठेवला होता.

अर्धा कायदा बाहेर काढायचा, तोही बाईपुरता, ही रीत कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

या गोष्टीबद्दल आणखी एक माहिती मला फार बोलकी वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ही गोष्टच नाही. चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन ही दोन प्रसिद्ध हस्तलिखितं ती वगळून पुढे जातात. काही हस्तलिखितांत ती दुसऱ्याच जागी येते. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की ती मूळ शुभवर्तमानाचा भाग नसावी, स्वतंत्रपणे सांगितली जात असावी आणि मागून इथे येऊन स्थिरावली असावी. पण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीननं वेगळंच कारण दिलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे काही पुरुषांनी ही गोष्ट आपल्या प्रतींतून काढून टाकली, कारण ती वाचून आपल्या बायकांना मोकळं रान मिळेल अशी त्यांना भीती वाटत होती. त्याचं म्हणणं ग्रंथाच्या इतिहासाच्या दृष्टीनं खरं असो वा नसो, त्या काळच्या नवऱ्यांच्या मनातली भीती त्यानं बरोबर ओळखली होती. नुसती क्षमेची गोष्ट! तिच्यात बाईला कुठलाही हक्क दिलेला नाही. तरीही ती धोक्याची वाटली.

आता चित्राकडे येते. शिबिरात मैत्रिणीनं शेवटी सांगितलं की हे चित्र एका बाईनं कोरलं आहे, तेव्हा खोलीत एकदम कुजबुज झाली.

तिचं नाव दियाना. १५४७ च्या सुमारास इटलीतल्या मांतुआ शहरात जन्मली. वडील मूर्तिकार आणि ठसे कोरणारे, भाऊ अदामो हाही तेच काम करणारा. त्या काळात मुलग्याला एखाद्या उस्तादाच्या कारखान्यात उमेदवारीला पाठवत. मुलीला ती वाट बंद. ज्या थोड्या बायका चित्रकलेत दिसतात त्यातल्या पुष्कळशा कलावंताच्या घरातल्याच आहेत, आणि त्याचं कारण हेच. दियानाही घरातच, वडिलांजवळ शिकली. कलावंतांची चरित्रं लिहिणारा जॉर्जो वसारी १५६६ मध्ये मांतुआला आला होता. तिचं काम पाहून तो चकित झाला आणि १५६८ च्या आवृत्तीत त्यानं तिचा कौतुकानं उल्लेख केला. तेव्हा ती विशीत होती.

ठसा कोरणं म्हणजे काय, तेही सांगते, कारण हे अंगमेहनतीचं काम आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईनं रेघा ओढतात आणि मग आम्ल त्या रेघा खाऊन खोल करतं. दियानाची पद्धत त्याहून जुनी आणि कष्टाची. ब्युरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्यारानं तांबं हातानंच खणायचं. मग चरांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांमधून काढायचा. पत्र्यावर जे असतं ते कागदावर उलटं उमटतं. त्यामुळे अक्षरं पत्र्यावर उलटी कोरावी लागतात.

दियानानं स्वतःचं नाव असं उलटं कोरलं. कागदावर ते सुलट उमटलं. आपल्या नावानिशी ठसे बाजारात आणणाऱ्या युरोपातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिची गणना होते. तिनं फ्रांचेस्को या वास्तुरचनाकाराशी लग्न केलं, दोघं रोमला आली, आणि १५७५ मध्ये तिनं पोप तेराव्या ग्रेगरीकडून आपले ठसे छापून विकण्याचा खास परवाना मिळवला. इतर कुणी त्यांची नक्कल करून विकू नये, असं संरक्षण त्यात होतं. आजच्या भाषेत कॉपीराइट म्हणा. परवाना तिच्या नावानं होता. देवळातल्या त्या बाईचं हे चित्र त्याच वर्षीचं, आणि ते तिनं मांतुआची डचेस एलिओनोरा हिला अर्पण केलं आहे.

शिबिरात यावर वाद झाला. एक तरुण सहकारी म्हणाली, “पण ताई, चित्र तर जुलिओ रोमानोनं रचलेलं. हिनं फक्त कोरलं. यात स्त्रीची दृष्टी कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे. रचना जुलिओ रोमानोचीच आहे. तो मांतुआच्या दरबाराचा मोठा कलावंत, दियानाच्या जन्माआधीच वारलेला. तिचे वडील त्याच्या हाताखाली काम करत. त्याची चित्रं दियानाच्या घरात सहज उपलब्ध होती, म्हणून तिनं ती कोरली. बाकी कोरक्यांप्रमाणे दुसऱ्याच्या रचना कोरणं हाच तिचा धंदा होता. तिनं या प्रसंगात काही बंडखोर अर्थ भरला, असं मी म्हणणार नाही. आपल्याला हवं ते तिच्या तोंडी घालणं हा तिच्यावर अन्यायच होईल. ती गिऱ्हाईक मिळवत होती, नवऱ्याला रोममध्ये कामं मिळावीत म्हणून मोठ्या घराण्यांशी नाती जोडत होती, संसार चालवत होती.

पण ‘फक्त कोरलं’ या शब्दांना माझी हरकत आहे. फक्त टाइप केलं, फक्त शिवलं, फक्त निवडलं-टिपलं, फक्त मुलं सांभाळली! बाईच्या कामाआधी ‘फक्त’ लावायची सवय आपल्या जिभेलाही लागली आहे. तांब्यात काही महिने हात झिजवून तो प्रसंग दूरदूरच्या घरांत पोचवणारी ती होती, आणि त्या कामाखाली आपलं नाव आणि आपला हक्क हवा, असं तिला वाटलं. पुढच्या काळानं तिच्या नावाचं काय केलं बघा. जुन्या सूचींमध्ये ती कित्येक वर्षं ‘दियाना घिसी’ म्हणून नोंदली गेली, कारण मांतुआतल्याच घिसी नावाच्या दुसऱ्या कोरक्यांच्या घराण्याशी तिची गल्लत झाली. चुकून का होईना, पण तिला भलत्याच घरात नांदायला पाठवलं! आज तिला ‘स्कुल्तोरी’ म्हणतात, ते तिच्या वडिलांकडून आलेलं आडनाव. ती स्वतः सही करताना नुसतं दियाना लिहायची, किंवा मांतुआची दियाना.

आपल्या चळवळीच्या पोस्टरांवर, पथनाट्यांवर, गाण्यांवर किती जणींची नावं आहेत? सामूहिक काम म्हणून नावं घालायची नाहीत, हा विचार मला मान्य आहे. पण पुढे कधीतरी कुणी इतिहास लिहील तेव्हा त्यात कुणाची नावं येतील, हेही आपण पाहायला हवं.

देवळातल्या बाईचं मात्र नावच नाही. शुभवर्तमानात तिला कुणी नाव विचारत नाही. कोरणारीला नाव आहे, कोरलेलीला नाही.

‘तो कुठे आहे?’ हा प्रश्न मराठीत फार पूर्वी विचारला गेला आहे. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची केली गेली. वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीला झोडपणं सुरू झालं. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारलं की सगळे दोष बायकांच्याच अंगी आहेत काय, पुरुष तेवढे धुतल्या तांदळासारखे आहेत काय? गर्भ काही एकटीनं राहत नाही. पण आरोपीच्या पिंजऱ्यात एकटीच उभी होती.

दुसरी आठवण पंडिता रमाबाईंची. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची अनेक वर्षं त्या कामात गेली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो छापला केडगावच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यात, आणि खिळे जुळवण्यापासूनची कामं तिथल्या मुली-बायकांनी केली. त्याच आवारात कृपासदन होतं, समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी. आठव्या अध्यायाचे खिळे जुळवताना त्यांच्या मनात काय आलं असेल? छापखान्यातले खिळेही उलटेच असतात. दियानासारखंच त्यांनाही ती गोष्ट उलटी बघून सुलट उमटवावी लागली असेल.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. आता अवघड भाग.

काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक प्रकरण आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, दोन मुलं. तिला घेऊन आले नवरा, सासरा आणि आणखी दोन पुरुष. “रंगेहाथ पकडलीय,” सासरा म्हणाला. मी एमएसडब्ल्यू केलेली, शिबिरांत लिंगभावावर सत्रं घेणारी. मी काय केलं? त्या चौघांच्या देखत तिला विचारलं, “हे खरं आहे का?” तिनं मान खाली घातली. मी फाईलवर लिहिलं, ‘पत्नीचे विवाहबाह्य संबंध. पत्नीने चूक कबूल केली.’ तडजोड म्हणून काही दिवस माहेरी राहायचं ठरलं. कुणी तिच्यावर हात टाकला नाही याचं मला समाधान वाटलं. मी दगड थांबवले होते ना!

ते काही दिवस संपले नाहीत. तिनं पोटगीचा अर्ज केला तेव्हा नवऱ्याच्या वकिलानं केंद्राची फाईल मागवली. माझ्या अक्षरातली ती ओळ कोर्टात वाचली गेली. मुलांची पोटगी मंजूर झाली, तिची दोन वर्षं अडली. त्या काळात एकदा ती मला म्हणाली, “ताई, तुम्ही विचारलंत, खरं आहे का. कसं झालं ते विचारलं नाहीत.” मग तिनं सांगितलं. ‘तो’ नवऱ्याचा चुलतभाऊ होता, त्याच घरातला. तिची संमती नव्हती. ज्या दिवशी ते तिला केंद्रात घेऊन आले, त्या दिवशी तो बाहेर रिक्षात बसलेला होता.

तो कुठे आहे, हे मी विचारलं असतं तर उत्तर पन्नास पावलांवर होतं.

म्हणून मला आता ही गोष्ट नुसत्या क्षमेची म्हणून सांगाविशी वाटत नाही. क्षमा आधी गुन्हा मान्य करते. देवळात तिला वाचवणाऱ्यानंही, निदान आपल्यापर्यंत पोचलेल्या मजकुरात, काय झालं ते तिला विचारलेलं नाही. तिच्या वाट्याला एकच छोटंसं वाक्य येतं, तेही आपल्याला कुणी दोषी ठरवलं नाही एवढंच सांगणारं. ख्रिस्ती मैत्रिणी म्हणतात की त्या काळात त्यानं केलं तेच केवढं मोठं होतं. मला ते मान्य आहे. पण आपण आजच्या काळात आहोत. समुपदेशकाच्या खुर्चीत बसून दगड थांबवणं ही सुरुवात झाली, काम तिथे संपत नाही.

‘तो कुठे आहे’ म्हणजे त्यालाही आणा आणि त्यालाही ठेचा, असं मी म्हणत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९७ व्यभिचाराबद्दल पुरुषाला शिक्षा देत होतं, तीही नवऱ्याच्या तक्रारीवरून. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! म्हणजे बाई ही नवऱ्याची मालमत्ता. २००३ मध्ये मलीमथ समितीनं सुचवलं की शिक्षा स्त्रीलाही लागू करा, म्हणजे समता होईल. दगड सारखे वाटून घेण्याची ही समता आपल्याला नको होती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जोसेफ शाईन खटल्यात ते कलमच घटनाबाह्य ठरवलं, ते योग्य झालं. दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधात फौजदारी कायद्याचं काम नाही. ‘तो कुठे आहे’ हा प्रश्न शिक्षेसाठी विचारायचा नाही. संमती होती का, जबरदस्ती होती का, सत्ता कुणाच्या हातात होती, हे त्याच्याशिवाय कळतच नाही, म्हणून विचारायचा.

कलम ४९७ गेलं म्हणून दगड संपले, असंही नाही. पोटगीच्या तरतुदीत, जुन्या कलम १२५ मध्ये होतं तसंच आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, ‘व्यभिचारी जीवन जगणाऱ्या’ पत्नीला पोटगी नाकारली आहे. नवऱ्याच्या वागणुकीबद्दल अशी अट नाही. आपल्यातल्या प्रत्येकीनं दोन गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. उच्च न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे की एखादी सुटी घटना म्हणजे व्यभिचारी जीवन नव्हे, ते सतत चालू असलं पाहिजे. आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी नवऱ्यावर आहे. आरोप झाला की बाईनंच निर्दोषपणा शाबीत करायचा, असा कायदा नाही. तो आपला समज आहे.

आमच्या केंद्रात आम्ही त्यानंतर काही बदल केले. चारित्र्याचा आरोप घेऊन कुणी आलं तर बाईशी पहिलं बोलणं एकटीशीच. ‘खरं आहे का’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी ‘काय झालं, तुम्ही सांगा’. फाईलवर तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत, आणि आरोप असेल तर ‘अमक्याचा आरोप’ असा, कबुली म्हणून कधीच नाही. आरोपात ज्या पुरुषाचा उल्लेख आहे त्याच्याबद्दल बाहेर कुणाला काही कळू न देता, पण आवर्जून, तिच्याकडे विचारणा. आणि तिनं सांगितलेलं जबरदस्तीचं असेल तर पुढे काय करायचं हा निर्णय तिचा. हे बदल छोटे आहेत. ते सुचायला एका बाईची दोन वर्षं गेली, याची लाज मला वाटते आणि वाटत राहणार आहे.

ती झेरॉक्स आता आमच्या केंद्रात माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. तिच्याखाली मावशींचा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिला आहे. येणाऱ्या बायका विचारतात, हे कुठलं देऊळ? मी गोष्ट सांगते, मग दियानाचीही सांगते. परवा एकजण ऐकून झाल्यावर म्हणाली, “त्या चित्रातल्या बाईला कुणी पाणी तरी दिलं का हो?”

मैत्रिणींनो, तुमच्या केंद्रांत, तुमच्या फाइलींत असं काय लिहिलं जातं, एकदा काढून बघाल का? आणि जे सापडेल ते या अंकासाठी लिहून पाठवाल का? नावं बाईची नकोत. आपली हवीत.